ताटातून काय काढायचं?

५ ऑक्टोबर १८८७. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सॅम्युएल गी व्याख्यानाला उभे राहिले. विषय होता एक ते पाच वर्षांच्या मुलांना छळणारा एक चिवट आजार. हातापायांच्या काड्या, नगाऱ्यासारखं फुगलेलं पोट, फिकट आणि दुर्गंधी येणारे जुलाब, खुंटलेली वाढ. सतराएकशे वर्षांपूर्वी कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने अशा आजाराची नोंद केली होती, पण ती मोठ्या माणसांपुरती. मुलांमधला हा आजार गींनी नेमका टिपला. आज आपण त्याला सीलिअॅक म्हणतो. हे मूल बरं व्हायचं असेल तर ते औषधाने नाही, आहारानेच होईल, असं गींनी ठामपणे सांगितलं.

निदान अचूक होतं, पथ्य मात्र चुकलं. गींच्या यादीत भात नको होता, साबुदाणा नको होता, मक्याचं पीठ नको होतं. फळं आणि भाज्याही जपूनच. चालत होती ती पातळ कापलेली, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली पावाची चकती. म्हणजे निरुपद्रवी पदार्थ ताटातून गेले आणि नेमकं विष तिथेच राहिलं! याच व्याख्यानात गींनी एका मुलाची हकिगत सांगितली. त्याला रोज लिटरभराहून थोड्या मोठ्या मापाने उत्तम डच शिंपले दिले जात आणि ते बाळसं धरत होतं. हंगाम संपला, शिंपले मिळेनासे झाले आणि दुखणं उलटलं. पुढच्या हंगामात मुलाने त्यांना तोंडही लावलं नाही. शिंपल्यांनी पोट भरलेलं असताना मूल पाव किती खात होतं, हा प्रश्न त्या काळात कुणाला सुचला नाही.

मुलांच्या पथ्याचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. काढणं सोपं असतं. भीती वाटली की ताटातला एकेक पदार्थ उचलता येतो. नेमकं काय काढायचं आणि बाकीचं सगळं मुलाला परत कसं द्यायचं, हे शोधायला मात्र पिढ्या लागल्या.

गींनंतर सदतीस वर्षांनी, १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार मांडला. पोर्तो रिकोतल्या एका गावाबद्दल त्यांच्या वाचनात आलं होतं. तिथे पाव खाणाऱ्या शहरी लोकांना पोटाचा विकार होई आणि मुख्यतः केळ्यांवर जगणारे शेतकरी त्यातून सुटत. हास यांनी पाव, बिस्किटं, बटाटे आणि सगळी धान्यं बंद केली. केळी, दूध, ताजं चीज, मांस आणि भाज्या ठेवल्या. मरणाच्या दारातली मुलं उठून बसू लागली. पुढची दोन-अडीच दशकं अमेरिकेत या आजारावर केळी हेच औषध मानलं गेलं.

मुलं खरोखरच बरी होत होती. कारण मात्र चुकीचं सांगितलं जात होतं. हास यांचा समज असा की केळ्यात काही गुण आहे आणि सगळा स्टार्चच या मुलांचा वैरी आहे. त्यामुळे मूल सुधारलं की काही दिवसांनी त्याला पाव परत मिळे आणि आतड्याची खराबी पुन्हा सुरू होई. दुसरीकडे भात आणि बटाटा यांनी काहीच बिघडणार नव्हतं, तरी ते मुलांना नाकारले जात.

ही गाठ सोडवली ती विलेम कारेल डिके यांनी. १९०५ मध्ये डॉर्ड्रेख्टला जन्मलेला हा डच बालरोगतज्ज्ञ एकतिसाव्या वर्षी हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख झाला. पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचं पुरळ लगेच कमी होतं, असं एका तरुण आईने त्याच सुमारास सांगितलं आणि ते डिकेंनी मनावर घेतलं. आईच्या निरीक्षणाला पुरावा मानून त्यावर वर्षानुवर्षं काम करणं ही तेव्हाच्या वैद्यकात साधी गोष्ट नव्हती. १९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात साधा आहार सुचवला: पाव नको, रस्क नको, गव्हाचं पीठ नसलेली लापशी चालेल.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. डच रेल्वे कामगारांच्या संपानंतर जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. हेग, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅममध्ये माणसं बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सुमारे वीस हजार माणसं दगावली. या भुकेच्या हिवाळ्यात शहरभर मुलं खंगत असताना डिकेंच्या वॉर्डातली सीलिअॅकची मुलं मात्र सुधारताना दिसली, कारण पाव मिळतच नव्हता. वसंतात मदतीचा पाव आला आणि त्यांचं दुखणं उलटलं. भुकेच्या हिवाळ्याने डिकेंना हा शोध लावून दिला, असं पुष्कळदा लिहिलं जातं. पण शंका आधीची होती, लेखही आधीचा होता. दुष्काळाने फक्त एवढं केलं की कुठल्याही डॉक्टरने करू नये असा प्रयोग अख्ख्या शहरावर घडवून आणला.

खरं काम त्यानंतरचं. डिकेंनी मोजक्या मुलांना दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवलं. एकेक धान्य आहारात घालायचं, काढायचं, वजनाचा आलेख ठेवायचा. रसायनतज्ज्ञ यान व्हान दे कामर यांनी मुलाच्या शौचातली चरबी मोजायची पद्धत बसवली होती. अन्न पचत नसेल तर चरबी बाहेर पडते, म्हणून गहू दिला की आकडा चढतो का, हे तपासता आलं. डॉ. वायर्स या कामात सोबत होते. गहू आणि राय यांनी मुलं आजारी पडत. तांदूळ, मका, बटाटा यांनी नाही. १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात डिकेंचा प्रबंध मंजूर झाला. दोन वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या पिठातला स्टार्च धुऊन वेगळा केला. तो मुलांना सोसला. मागे उरलेला चिकट गोळा, म्हणजे ग्लुटेन, सोसला नाही. पोळीची कणीक मळताना हाताला लागणारा ताण याच ग्लुटेनचा असतो.

पथ्य आता अगदी अरुंद झालं आणि मुलाचं ताट तितकंच मोकळं. गहू, राय, बार्ली वगळायची. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका सगळं परत. पुढे १९५६-५७ मध्ये मार्गोट शायनर आणि विल्यम क्रॉस्बी यांनी तोंडावाटे नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढायची साधनं बनवली. निदान आता डोळ्यांनी दिसू लागलं.

भारतात हा आजार नसतोच, असा समज बराच काळ होता. १९६६ मध्ये उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलिअॅकची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. पुढच्या पाहण्यांत दिसलं की उत्तरेच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे. दक्षिणेत प्रमाण कितीतरी कमी. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात हे महाराष्ट्राचं जुनं अन्न ग्लुटेनमुक्तच. पोळी रोजची झाली, पाव-बिस्किटं डब्यात आली, तसा इथल्या मुलांचा गव्हाशी संबंध वाढत गेला.

तरीही सगळी धान्यं वर्ज्य करणारा आहार संपला नाही. हास यांची यादी दुसऱ्या वाटेने परतली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस एलेन गॉटशॉल ही आई आपल्या मुलीला घेऊन वृद्ध हास यांच्याकडे गेली. मुलीला मोठ्या आतड्याचा गंभीर दाह होता. ती सुधारली. पुढे गॉटशॉल यांनी जीवरसायनाचा अभ्यास केला आणि १९८७ मध्ये या आहारावर पुस्तक काढलं. त्यात धान्य नाही, बटाटा नाही, साबुदाणा नाही, साखर नाही. मग केक, बिस्किट, पाव कशाचा करायचा? बदामाच्या पिठाचा. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी सुचवलेला कीटोजेनिक आहारही धान्य जवळजवळ वगळतो आणि त्याच्या आजच्या घरगुती कृतींत सुकामेव्याला मोठी जागा असते. थोडक्यात, गव्हाची खुर्ची रिकामी झाली की तिथे बदाम, काजू, अक्रोड येऊन बसतात. ज्या मुलाला त्यांची अॅलर्जी आहे, त्याच्यापुढे दोन्ही दारं बंद.

अॅलर्जीचा इतिहासही अशाच वळणांनी गेला. शार्ल रिशे यांनी १९०२ मध्ये दाखवलं की एकदा सोसलेला पदार्थ दुसऱ्यांदा अगदी थोडा दिला तरी प्राण्याचा जीव घेऊ शकतो. त्यासाठी १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९६६-६७ मध्ये डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी या प्रतिक्रियेमागची प्रतिपिंडं शोधली. त्यांना आज आपण आयजीई म्हणतो. सीलिअॅक आणि अॅलर्जी हे वेगळे आजार आहेत. एकात आतडं महिनोन्महिने झिजतं, दुसऱ्यात काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. स्वयंपाकघरातली काळजी मात्र दोन्हींत सारखीच लागते.

शेंगदाण्याच्या बाबतीतही आधी काढून टाकण्याचाच मार्ग धरला गेला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये सल्ला दिला: घराण्यात अॅलर्जी असेल तर तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे आणि सुकामेवा देऊ नका. २००८ मध्ये त्यांनी तो मागे घेतला, कारण उशीर केल्याने अॅलर्जी टळते असा पुरावा मिळत नव्हता. त्याच वर्षी गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध केली. लंडनमध्ये शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे दसपट होती. इस्राएलमध्ये बाळं दात येता येताच बांबा नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे चघळत. मग ६४० बाळांवर प्रयोग झाला आणि २०१५ मध्ये निकाल आला. लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी अॅलर्जीचं प्रमाण ३.२ टक्के, टाळणाऱ्यांत १७.२ टक्के. हा निष्कर्ष अॅलर्जी टाळण्यापुरता आहे. ज्याला ती झालीच आहे, त्या मुलाला घरी दाणे चारून पाहणं जीवघेणं ठरू शकतं.

धान्य नको आणि दाणेही नकोत, अशा मुलाची आई महाराष्ट्रात असेल तर तिच्या हाताशी एक तयार स्वयंपाकघर आहे: उपासाचं. साबुदाणा, रताळं, सुरण, बटाटा, शिंगाडा, राजगिरा. वरी तेवढी बारीक धान्यातच मोडते, पण तिच्यात ग्लुटेन नाही. यातला साबुदाणा तर डिकेंच्या शोधाच्याच युद्धकाळातला. आग्नेय आशियातून येणारा साबुदाणा दुसऱ्या महायुद्धात थांबला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलममध्ये माणिक्कम चेट्टियार आणि पोपटलाल शहा यांनी टॅपिओकाच्या कंदापासून तो बनवायला सुरुवात केली. आजही आपला साबुदाणा मुख्यतः तिथूनच येतो.

अडचण एकच, पण मोठी. या स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही. खिचडीत कूट, वड्यात कूट, रताळ्याच्या किसात कूट, दाण्याची आमटी, वर दाण्याचं तेल. कूट निव्वळ चवीसाठी नसतं. भिजलेल्या साबुदाण्याचा ओलावा ते शोषतं, म्हणून दाणा दाण्याला चिकटत नाही. कुटाशिवाय खिचडी करायची तर साबुदाणा पिठूळ पाणी जाईपर्यंत धुवावा लागतो, नंतर पाणी पार निथळून नुसत्या ओलीवर फुगू द्यावा लागतो आणि परतताना तुपाचा हात सैल ठेवावा लागतो. ओलं खोबरं शेवटी पेरायचं. नारळ बहुतेक मुलांना चालतो, पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

दुसरा प्रश्न पोषणाचा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. कूट गेलं की खिचडीतलं पोषणच जातं, म्हणून त्याच ताटात दही, अंडं किंवा राजगिरा यायला हवा. शेंगदाणा शेंगवर्गीय असला तरी बहुतेक अॅलर्जिक मुलांना डाळी चालतात. त्या उगाच बंद करणं म्हणजे हास यांची चूक पुन्हा करणं. आपल्याकडे हरभऱ्याची अॅलर्जीही आढळते, तेव्हा एकेक डाळ तपासून घ्यावी.

राहता राहिली नकळत होणारी भेसळ. बाजारातल्या बांधानी हिंगात अनेकदा मैदा असतो. राजगिऱ्याच्या लाडवांशेजारीच शेंगदाण्याची चिक्की वळली जाते. बंद पाकिटावर ग्लुटेनची धान्यं, शेंगदाणे आणि सुकामेवा यांचा उल्लेख भारतात सक्तीचा आहे. ग्लुटेनमुक्त म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सुट्या मालाला मात्र लेबल नसतं. गिरणीत गव्हाच्या दळणानंतर लगेच राजगिरा किंवा ज्वारी पडली तर जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ त्यात उतरतंच. अशा घरांत म्हणून घरघंटी येते, तिच्यात गहू कधीच टाकला जात नाही. राजगिरा, शिंगाडा आणि वरी यांची पिठं वेगळ्या डब्यांत, वेगळ्या चमच्यांसह ठेवली जातात आणि मूल दुसऱ्यांकडे जेवायला जाताना आपला डबा घेऊनच निघतं.