माती, मॅट आणि टेबल

स्नूकर आणि पूल यांतील श्रेष्ठ कसब कोणते, या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरकरांस अवघड वाटू नये. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव लाल मातीत घडले. मॅटची सवय नसताना १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदकाचे मानकरी ठरले. आखाडा बदलला की कसबही नव्याने कमवावे लागते, हा त्याचा अर्थ.

१८७५ साली जबलपुरात जन्मला असे मानल्या जाणाऱ्या स्नूकरचे टेबल बारा फुटी, चेंडू लहान, खिशांची तोंडे अरुंद व गोलाईची. दुरून मारलेला चेंडू जरासा चुकला तरी ती तोंडे तो परतवतात. म्हणून तेथे नेम आणि बचाव यांची साधना.

पूलचे टेबल नऊ फुटी, खिसे सैल. म्हणून पूल सोपा, असा समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. नाइन-बॉलमध्ये सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूलाच आधी स्पर्श करावा लागतो. पहिला फटका दणदणीत हवा. आडव्या चेंडूवरून पांढरा चेंडू उडवणे स्नूकरमध्ये निषिद्ध, येथे ती विद्या.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ व १९६४ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले; राष्ट्रीय स्नूकर विजेतेपदही त्यांनी मिळवले. पण ते दोन्ही खेळ एकाच टेबलावरचे. पूलकडे वळणाऱ्या स्नूकरपटूस नेम सोबत नेता येतो. बाकीची शिकवणी मात्र पहिल्यापासूनच, असे आम्हांस वाटते.