तारेची जाडी आणि उष्णतेची मर्यादा

विजेच्या तारेतून किती प्रवाह जाऊ द्यावा, हा प्रश्न वरकरणी तांब्याच्या जाडीचा वाटत असला, तरी त्याचे उत्तर ठरते ते तांब्यावरच्या वेष्टनावरून. तांबे वितळण्यासाठी १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यावरचे रबर मात्र शंभर अंशांच्या पुष्कळ आतच हळूहळू कडक होऊन तडकू लागते आणि उघड्या पडलेल्या तारेतून आगीला वाट मिळते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हा नियम जेम्स ज्यूल याने १८४०च्या दशकाच्या आरंभीच मांडला होता. परंतु ती उष्णता वेष्टनातून आणि पाइपमधून बाहेर किती पडते, याचा हिशेब धरणारी कोष्टके तयार होण्यास जवळजवळ शंभर वर्षे गेली.

१८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा घरोघरी शिरणाऱ्या या नव्या साधनाची पहिली धास्ती घेतली ती आगीची भरपाई ज्यांना द्यावी लागे त्या विमा कंपन्यांनी, आणि तारा ओढण्याचे अमेरिकेतील आरंभीचे नियमही त्यांच्याच मंडळांनी केले. त्यांना आकड्यांचा आधार मिळाला तो मुख्यतः आर्थर केनेली याच्या प्रयोगांतून. १८६१ साली मुंबईच्या कुलाब्यात जन्मलेला हा अभियंता एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. लाकडी पट्टीत, म्हणजे आपल्याकडील जुने वायरमन ज्याला केसिंग-कॅपिंग म्हणत तशा खोबणीत, बसवलेली तार किती प्रवाहाला किती तापते, हे त्याने मोजले व १८८९ साली निष्कर्ष मांडले. पुढे निरनिराळ्या मंडळांचे परस्परविरोधी नियम एकत्र करून १८९७ साली नॅशनल इलेक्ट्रिकल कोड ही राष्ट्रीय नियमावली निघाली. १९११पासून ती अग्निसंरक्षण संघटनेकडे आहे.

आरंभीच्या कोष्टकांत रबराच्या तारेसाठी एक आणि इतर वेष्टनांसाठी दुसरा असे आकडे असत. मात्र एका पाइपमध्ये किती तारा आहेत, भोवतालची हवा किती तापलेली आहे, यांची पुरेशी दखल त्यांत नव्हती. ही उणीव भरून काढली सॅम्युएल रॉश या अभियंत्याने १९३८ साली. तारेत जितकी उष्णता निर्माण होते तितकीच बाहेर पडू लागली की तापमान स्थिर होते, हे सूत्र धरून त्याने ३० अंशांच्या हवेत, एका पाइपमध्ये तीन तारा असताना प्रत्येक जाडीची प्रवाहक्षमता काढली. आजही अमेरिकन विद्युत कारागीर जे कोष्टक उघडतो, त्याचा पाया हाच आहे, आणि एका माणसाच्या शिस्तशीर मोजणीला इतके दीर्घायुष्य क्वचितच लाभते.

त्या कोष्टकात ६०, ७५ आणि ९० अंशांचे तीन रकाने आहेत, आणि १२ गेजच्या तांब्याच्या तारेला त्यांत अनुक्रमे २०, २५ व ३० अँपिअर दिलेले आहेत. ९० अंशांचे वेष्टन असलेल्या अशा सहा तारा ४० अंशांच्या माळ्यावरून एकाच पाइपमधून नेल्या, तर तापलेल्या हवेसाठी ३०ला ०.९१ने आणि तारांच्या दाटीसाठी पुन्हा ०.८ने गुणावे लागते व उत्तर जेमतेम २२ येते. एवढ्यावरही काम संपत नाही. कारण तार ज्या स्क्रूखाली आवळली जाते तो जोड बहुधा ६० किंवा ७५ अंशांपर्यंतच टिकतो आणि शिवाय या जाडीच्या तारेवर सर्वसाधारणपणे २० अँपिअरपेक्षा मोठा ब्रेकर बसवू नये, असा स्वतंत्र नियम आहे. तार, हवा, दाटी, जोड यांपैकी जो घटक सर्वांत दुबळा, त्याचाच शब्द अखेरचा मानण्याची ही रीत किचकट वाटते खरी, पण आग नेमकी त्या दुबळ्या जागीच लागते.

भारतीय मानकांनी हवेतील केबलसाठी ३० ऐवजी ४० अंशांचे तापमान गृहीत धरले, आणि विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. पीव्हीसीची तार ७० अंशांपर्यंत चालते. ३० अंशांच्या हवेत तिला जितका प्रवाह पेलतो, त्याच्या सुमारे ८७ टक्केच ४० अंशांत पेलतो. म्हणून परदेशी कोष्टकातला आकडा इथल्या भिंतीत जसाच्या तसा वापरणे ही चूकच होय.