फुस्तातच्या सिनेगॉगमधील रोट्यांची यादी

कैरो शहराच्या दक्षिण भागात फुस्तात ही जुनी वस्ती आहे. तेथे बेन एझ्रा नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, आजही उभे आहे. या मंदिराला लागून एक बंदिस्त खोली होती. ज्यावर ईश्वराचे नाव आले आहे असा जीर्ण कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही, अशी ज्यूंची रीत. असे कागद साठवण्याच्या जागेला ‘गेनिझा’ म्हणतात. फुस्तातकरांनी ही रीत बरीच सैलपणे पाळली आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांवर मोठे उपकार केले. धर्मग्रंथांच्या जोडीने व्यापाऱ्यांची पत्रे, लग्नाचे करार, घरभाड्याचे हिशेब, मुलांनी गिरवलेली अक्षरे, सारे त्या खोलीत जाऊन पडले. केंब्रिजचे सॉलोमन शेक्टर १८९६ च्या अखेरीस कैरोला गेले आणि त्यांनी तेथून सुमारे १,९०,००० तुकडे इंग्लंडला आणले.

गेनिझाविषयी लिहिताना बहुधा दुर्मीळ धर्मग्रंथांची चर्चा होते. मला गुंतवून ठेवले ते रोट्यांच्या याद्यांनी.

अकराव्या-बाराव्या शतकांत, फातिमी खलिफांच्या राजवटीत, येथील ज्यू समाज दर मंगळवारी आणि शुक्रवारी गरिबांना रोट्या वाटत असे. प्रौढ माणसाला आठवड्याच्या साधारण ४ रोट्या मिळत. एवढ्यावर आठवडा निघणे शक्य नव्हते. उरलेल्या दिवसांची भ्रांत कायमच असे. वाटपाचे काम ‘पर्नास’ म्हणवणाऱ्या कारभाऱ्यांकडे होते आणि हिशेब द्यावा लागत असल्यामुळे ते याद्या करीत. त्या याद्यांत पुष्कळदा माणसाचे नावच नसते, नुसती ओळख असते: अमक्याची विधवा, आंधळा, रूमच्या मुलखातून आलेली बाई, नुकताच आलेला परका. पुढे रोट्यांचा आकडा. एखाद्या माणसाविषयी आठशे-नऊशे वर्षांनंतर एवढेच उरावे, हे वाचताना चमत्कारिक वाटते.

पैसा कोठून येई? एक मार्ग वर्गणीचा. प्रार्थनेला जमलेले लोक रकमा कबूल करीत आणि त्यांचीही यादी होई. त्या यादीत धनाढ्यांच्या बरोबरीने किरकोळ रक्कम देणारे साधे कारागीरही आढळतात. दुसरा मार्ग घरभाड्याचा. मरताना अनेकजण आपले घर किंवा घराचा हिस्सा समाजाला देऊन जात आणि त्याचे भाडे समाजाच्या तिजोरीत येई. या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र लपवू नये: त्या भाड्याचा मोठा वाटा इमारतींची डागडुजी, दिव्यांचे तेल आणि सेवकांचे पगार यांतच खर्च होत असे. संस्था म्हटली की हे आलेच.

सर्वांत जड ओझे बंदिवानांच्या सुटकेचे. समुद्रावर चाचे प्रवाशांना पकडीत आणि त्यांना विकायला इजिप्तच्या किनाऱ्यावर आणीत. एका माणसाच्या सुटकेचा ठरलेला दर ३३ १/३ दिनार, म्हणजे तिघांचे १०० दिनार. साध्या कुटुंबाचा महिना २ दिनारांत निभावत असे, हा अभ्यासक गोइटाइन यांचा अंदाज धरला, तर एका अनोळखी माणसाची किंमत एका कुटुंबाच्या सव्वा वर्षाहून अधिक खर्चाएवढी होते. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतल्यावर अश्कलोनच्या ज्यूंनी कर्ज काढून माणसे सोडवली, लुटलेले ग्रंथही सोडवले आणि इजिप्तच्या बांधवांकडे आणखी मदत मागितली. ते पत्रही याच खोलीत सापडले.

येथील आणखी एक प्रथा मला फार विलक्षण वाटते. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याला शनिवारची प्रार्थना थांबवता येत असे. त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतल्याशिवाय पुढचा विधी व्हायचा नाही. हक्क नाकारलेल्या विधवा, टाकून दिलेल्या बायका यांनीही समाजापुढे अशी दाद मागितल्याचे कागद आहेत. ज्यांना एरवी कोणी विचारत नव्हते, त्यांच्यासाठी भर प्रार्थनेत सारा समाज थांबे.

पण सर्वांसमोर उभे राहणे प्रत्येकाला जमत नाही. गेनिझातील अरबी पत्रांत ‘मस्तूर’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ झाकलेला. जो काल-परवापर्यंत खाऊनपिऊन सुखी होता, ज्याची झाकली मूठ सव्वा लाखाची होती, तो मस्तूर. आजारपण, बुडालेले जहाज, किंवा बिगरमुस्लिमांवरचा जिझिया थकल्यामुळे तुरुंगाची भीती, यांपैकी काहीही त्याला उघड्यावर आणायला पुरे होई. मदत मागण्याला ही माणसे ‘चेहरा उघडा करणे’ म्हणत. रोट्यांच्या यादीत नाव जाणे त्यांना मरणाहून कठीण. म्हणून ती एखाद्या सधन गृहस्थाला खासगीत पत्र लिहीत: मी यापूर्वी कधी कोणापुढे हात पसरला नाही, आज नाइलाज झाला.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मैमोनिदीज हा प्रसिद्ध तत्त्वज्ञ आणि वैद्य फुस्तातमध्येच राहत होता. बंदिवानांसाठी निधी गोळा करण्याची खटपट त्याने स्वतः केली होती. त्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा, हे दान त्याने वरून दुसऱ्या पायरीवर ठेवले. सर्वांत वर ठेवले ते कर्ज देणे, धंद्यात भागीदार करून घेणे, काम मिळवून देणे; म्हणजे माणसावर हात पसरण्याची वेळच येऊ नये. हा क्रम ग्रंथातला आहे खरा, पण तो लिहिणाऱ्याच्या गावात दर मंगळवारी रोट्यांची रांग लागत होती, हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

मस्तूर माणसांच्या पत्रांचे पुढे काय झाले? पत्राच्या माथ्यावर ईश्वराचे स्मरण करण्याची पद्धत होती. तो कागद जाळता येत नव्हता. वाचून झाल्यावर कधीतरी तो त्या खोलीत गेला. आज ती पत्रे केंब्रिजच्या ग्रंथालयात क्रमांक लावून ठेवलेली आहेत आणि संगणकावर कोणालाही उघडून पाहता येतात.