ब्रेमेनचा टाऊन हॉल

वायव्य जर्मनीतल्या वेझर नदीकाठच्या ब्रेमेन शहराचा टाऊन हॉल १४०५ ते १४१० या काळात बांधला गेला. त्या वेळी शहरावर हक्क सांगणारे दोन पक्ष होते. एक आर्चबिशप आणि दुसरे समुद्री व्यापारावर गबर झालेले नागरिक. आर्चबिशपचा वाडा बाजारचौकाच्या कडेला, कॅथेड्रलजवळ होता. नगरपरिषदेने आपली इमारत थेट त्याच्या शेजारी उभारली. जागेची ही निवडच पुरेशी बोलकी आहे.

मूळ बांधणी गॉथिक आणि रचना अगदी साधी: खाली तळघर, त्यावर एकावर एक दोन विस्तीर्ण दालने. खालचे दालन ओकच्या भक्कम खांबांवर पेललेले असून तिथे बाजार भरत असे. वरचे सुमारे ४० मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. तिथे परिषद बसे आणि न्यायनिवाडाही होई. भिंतीवर राजा सॉलोमनच्या न्यायाचे १५३२ चे चित्र आहे ते म्हणूनच. छतापासून टांगलेल्या तोफांच्या जहाजांच्या प्रतिकृती मात्र न्यायाची नव्हेत, शहराच्या पोटापाण्याची खूण आहेत. चौकाकडच्या भिंतीवर सम्राट आणि त्याची निवड करणारे सात निर्वाचक यांचे पुतळे बसवले गेले. आपण आर्चबिशपचे नव्हे, थेट सम्राटाचे, असा दावा ब्रेमेनकरांनी दगडात कोरून ठेवला होता.

त्याहून ठसठशीत दावा समोरच्या चौकात उभा आहे. रोलाँ या वीराचा लाकडी पुतळा १३६६ मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी जाळला. नागरिकांनी १४०४ मध्ये साडेपाच मीटर उंचीचा दगडी रोलाँ उभारला, तोही कॅथेड्रलकडे तोंड करून. हातात उपसलेली तलवार आणि ढालीवर सम्राटाचा दुतोंडी गरुड आहे. प्रत्यक्षात शहराचे हे स्थान सम्राटाने सनदेने मान्य केले ते १६४६ मध्ये. म्हणजे दगडातला दावा कागदावर यायला दोन शतकांहून अधिक काळ गेला.

आज डोळ्यांत भरते ते दर्शनी रूप १५९५ ते १६१२ मधले. ल्यूडर फॉन बेंथाइम या स्थपतीने गॉथिक सांगाडा तसाच ठेवून नवा साज चढवला. टोकदार खिडक्यांच्या जागी मोठ्या चौकोनी खिडक्या आल्या, मधोमध उंच शिखरभिंत पुढे आली, खाली कमानींची ओसरी सजली. या शैलीला ‘वेझर रेनेसान्स’ म्हणतात. जुने पुतळे बेंथाइमने काढून टाकले नाहीत, हा त्याचा मोठेपणा. त्यामुळे दोन काळ एकाच भिंतीवर सुखाने नांदतात.

तळघरात वाइनची कोठारे आहेत आणि तिथल्या एका पिंपात १६५३ ची वाइन अजून जपलेली आहे. लेखक विल्हेल्म हाउफने १८२७ मध्ये याच तळघरावर एक कल्पनारम्य कथा प्रसिद्ध केली.

पुढे आर्चबिशपचा वाडा पाडला गेला. त्याच जागी म्यूनिकचे स्थपती गाब्रिएल फॉन झाइडल यांनी १९०९ ते १९१३ मध्ये टाऊन हॉलचा नवा भाग बांधला. जुन्या वैऱ्याची जागा अशी टाऊन हॉलच्या पोटात गेली. दुसऱ्या महायुद्धात शहर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले. रोलाँभोवती भिंत बांधून त्याला जपले गेले आणि टाऊन हॉलही वाचला. २००४ मध्ये युनेस्कोने टाऊन हॉल आणि रोलाँ या दोघांची जागतिक वारसा म्हणून एकत्रच नोंद केली.