जायंट रोबोट न्हावा शेवाला कसा आला?

मागच्या महिन्यात एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "ताई, तुमचा विषय जपानी कॉमिक्सवरून केलेले सिनेमे आणि मालिका. मग तुम्ही सारख्या उरणला कशाला जाता?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल. पीएचडीच्या तयारीत असाल तर ती तुमच्या कामाला येईल.

विषय नोंदवताना माझं गृहीतक साधं होतं. न्हावा आणि शेवा या दोन गावांचं नाव घेतलेलं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक झालं. परदेशी माल इथून येतो, तेव्हा जपानी गोष्टीही इथूनच आल्या असणार. म्हणजे आयातीचे कागद बघायचे आणि प्रबंध लिहायचा! पण कस्टम्सच्या वर्गवारीत व्हिडिओ गेमची यंत्रं ९५०४ या शीर्षकाखाली येतात, छापील पुस्तकं ४९०१ खाली, मुलांची चित्रपुस्तकं ४९०३ खाली. गोष्ट नावाचा माल त्यात नाहीच. आणि मी जे शोधत होते ते तर बंदर उभं राहण्याआधीच इथल्या घरांत येऊन गेलं होतं. दूरदर्शनवरून.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कुणालाही विचारा. एक शाळकरी मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलून हुकूम देतो आणि इजिप्तच्या फॅरोसारखा चेहरा असलेला अवाढव्य रोबोट उडत येतो. शेवटच्या भागात तो सम्राट गिलोटिनला उचलून आकाशात नेतो आणि स्वतःही संपतो. त्या भागाबद्दल बोलताना माणसं अजून गंभीर होतात, हे मी पाहिलंय.

ही मालिका मुळात जपानी. मित्सुतेरू योकोयामा यांचं 'जायंट रोबो' हे कॉमिक, म्हणजे मांगा, १९६७ मध्ये 'शोनेन संडे' साप्ताहिकात सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोएई कंपनीची २६ भागांची मालिका टीव्हीवर आली, खरे नट आणि रोबोटच्या पोशाखातला माणूस घेऊन. 'लाइव्ह-अ‍ॅक्शन रूपांतर' म्हणजे आधी पुस्तक पूर्ण, मग सिनेमा, असं आपल्या डोक्यात असतं. इथे दोन्ही जवळजवळ सोबत चालू होतं. (त्यामुळे 'मूळ कृतीशी प्रामाणिक आहे का' हा आपला लाडका प्रश्न इथे अर्धा निकामी होतो.) १९६९ मध्ये अमेरिकेत तिचं इंग्रजी डबिंग झालं आणि तिथे नाव पडलं 'जॉनी सोक्को अँड हिज फ्लाइंग रोबोट'.

आता ही मालिका आपल्याकडे जपानहून आली की अमेरिकेहून, हे कसं ठरवायचं? इथे मला पुण्यातल्या भांडारकर संस्थेचं काम उपयोगी पडलं. आश्चर्य वाटेल, पण महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं. १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक त्या मंडळींनी पोथ्या पडताळल्या. त्यातलं एक तत्त्व कुणालाही वापरता येतं. दोन पोथ्यांत एकच विचित्र बदल सापडला, तर त्या बहुधा एकाच आधीच्या पोथीवरून उतरलेल्या असतात. म्हणजे सारखेपणापेक्षा बदलांकडे बघायचं. कुणी काय बदललं, आणि तो बदल पुढे कुणाकडे पोचला?

हीच कसोटी इथे लावू. जपानी मालिकेत मुलाचं नाव दाइसाकू कुसामा, खलनायकांची टोळी 'बिग फायर'. अमेरिकन डबिंगमध्ये मुलगा जॉनी सोक्को झाला आणि टोळी गार्गॉइल. आपल्याकडच्यांच्या आठवणीत कोण आहे? जॉनी. दाइसाकू कुणालाच आठवत नाही. म्हणजे आपण पाहिली ती अमेरिकन शाखा.

याला एक गंमतीदार पार्श्वभूमी आहे. योकोयामा कोबेचे, जन्म १९३४. कोबे आणि मुंबई या दोन बंदरांचं नातं त्यांच्या जन्माच्याही आधीचं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पॉन यूसेन कैशा यांनी मिळून मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली, आपला कापूस जपानी गिरण्यांना पोचवायला. मालाला सरळ वाट होती. कोबेच्या माणसाची गोष्ट मात्र मुंबईत आली ती अमेरिकेला वळसा घालून, इंग्रजी बोलत. व्यापाराच्या नकाशावर संस्कृतीचा नकाशा तसाच्या तसा ठेवू नये, हे मी वाचलं होतं. पटलं ते इथे.

दुसरं उदाहरण २००६ सालचं. त्या जानेवारीत संजय गुप्तांचा 'जिंदा' प्रदर्शित झाला. संजय दत्त, जॉन अब्राहम. एका माणसाला कारण न सांगता १४ वर्षं कोंडून ठेवतात. हा पार्क चान-वूक यांच्या २००३ च्या कोरियन 'ओल्डबॉय'वर बेतलाय, हे तेव्हाच सगळे बोलत होते. पण 'ओल्डबॉय' मुळात जपानी मांगा आहे, गारोन त्सुचिया आणि नोबुआकी मिनेगिशी यांचा, १९९६ ते १९९८ मधला. म्हणजे मुंबईत एका जपानी कॉमिकचं खरे नट घेतलेलं रूपांतर झालं होतं, आणि बघणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

इथेही तीच कसोटी. मांगातला नायक १० वर्षं कोंडलेला असतो, कोरियन सिनेमातला १५, आपला १४. आकड्यांवरून फार काही ठरत नाही. खरा पुरावा सूडाच्या कारणात आहे. मांगामध्ये ते फार नाजूक आहे. शाळेत खलनायक गायला तेव्हा नायकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपलं एकटेपण याने ओळखलं ही गोष्ट त्याला सहन झाली नाही. खलनायकाच्या बहिणीची बदनामी आणि तिचा मृत्यू ही कोरियन सिनेमाची भर. 'जिंदा'मध्ये बहिणीची बदनामी आहे, गाणं नाही. म्हणजे त्याची वाट सोलवरून गेली. तिथला भाऊ-बहिणीच्या संबंधांचा धक्कादायक भाग हिंदीत गाळला गेला, तो आणखी एक बदल.

माझ्या मते 'जिंदा'ला नुसती 'चोरी' म्हणून सोडून देणं हा संशोधकाचा आळस आहे. कॉपीराइटचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारायलाच हवा. पण चोर म्हटलं की आपण बघणं थांबवतो, आणि गाणं कुठे हरवलं हे विचारायचं राहून जातं. हरवली ती माणसंही. 'जायंट रोबोट' आठवणाऱ्यांना योकोयामा माहीत नाहीत, 'जिंदा' पाहिलेल्यांना त्सुचिया आणि मिनेगिशी माहीत नाहीत. उलट २०२३ च्या नेटफ्लिक्सवरच्या 'वन पीस'मागे लेखक ओडा स्वतः निर्माता म्हणून उभे आहेत, आणि कॉलेजातली मुलं त्यांचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. मधल्या चाळीसेक वर्षांत नावं कशी परत आली, हा खरं तर माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. बंदर नव्हे.

तरी मी उरणला जाते. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा आणि हा किनारा यांच्यात मुख्यतः खाडीचं पाणी. ज्या वर्षांत इथल्या घरांत टीव्ही येत होता, त्याच वर्षांत इथल्या जमिनी संपादित होत होत्या. मालिका कधी पाहिली, हे इथे कुणी सन सांगून सांगत नाही. "गोळीबाराच्या आधी आमच्याकडे टीव्ही नव्हता," असं सांगतात. जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनातला गोळीबार, ज्यात पाच जण गेले. तो काळ ज्यांनी काढला त्यांच्याकडे काळ मोजायची स्वतःची पट्टी असते. मुलाखत घेताना ती आधी शिकून घ्या, मग तारखा लावा.

पहिल्या फेरीत मी विचारायचे, "तुम्ही लहानपणी जपानी मालिका बघायचात का?" सगळे नाही म्हणायचे. मी वहीत 'प्रभाव नाही' असं लिहूनही टाकलं होतं! मग न्हाव्यातल्या एका काकांशी चहा पिताना सहज रोबोटचा विषय निघाला. मी म्हटलं, "काका, ती जपानी होती की." ते म्हणाले, "नाय गो पोरी, ती त इंग्लिश होती." आणि उजव्या हाताचं मनगट तोंडाशी नेऊन त्यांनी रोबोटला हाक मारून दाखवली.

आता मी प्रश्न बदललाय. जपान हा शब्दच काढत नाही. विचारते, घड्याळात बोलणारा मुलगा आठवतो का?