डायलवरचा लेख : काट्याचे मल्टिमीटर, नाशिक आणि सुरत



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत विजेच्या मीटरवर बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण इतिहासाची साधने म्हणजे केवळ बखरी, ताम्रपट आणि जुना पत्रव्यवहार, असे आता कोणी मानत नाही. ज्या वस्तूवर अक्षरे आहेत, आकडे आहेत, घडवणाऱ्याचे नाव आणि गाव आहे, ती वस्तूही वाचता येते. जुन्या मल्टिमीटरची डायल हा असाच एक लेख आहे. तो कसा वाचावा, एवढेच आज मांडायचे आहे.

मी इंजिनिअर नव्हे, होमिओपॅथीचा डॉक्टर. तापीकाठच्या रेल्वेने खानदेश सुरतेला जोडला, त्याला आता शतकाहून अधिक काळ झाला. त्या वाटेने आलेली आपली माणसे लिंबायत-उधन्यात स्थिरावली. त्यांतले लूमचे मिस्त्री, मोटार गुंडाळणारे, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर माझ्या दवाखान्यात येत राहिले. काट्याचा मीटर नीट पाहायला मी त्यांच्याकडून शिकलो.

मल्टिमीटर म्हणजे एकाच पेटीत तीन मापे : विजेचा दाब म्हणजे व्होल्ट, प्रवाह म्हणजे अँपिअर आणि रोध म्हणजे ओहम. काट्याच्या मीटरच्या पोटात लोहचुंबक असतो आणि त्याच्या दोन टोकांमध्ये बारीक तारेची एक कॉइल टांगलेली असते. कॉइलमधून प्रवाह गेला की ती वळते, तिला जोडलेला काटा सरकतो, आणि केसासारखी स्प्रिंग त्याला मागे ओढते. ही दोन बळे जिथे समतोल होतात तिथे काटा थांबतो.

या रचनेच्या वंशावळीत वैद्य मंडळी बरीच आहेत, हे सांगताना मला साहजिकच आनंद होतो. ‘गॅल्व्हानोमीटर’ या नावातले लुइजी गाल्व्हानी हे इटलीतील बोलोन्याचे वैद्य. बेडकाच्या पायांवरील त्यांचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८२ मध्ये चालत्या कॉइलच्या गॅल्व्हानोमीटरला ज्यांचे नाव मिळाले ते फ्रान्सचे आर्सेन दार्सोनव्हाल हेही डॉक्टर, शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचे साहाय्यक. ही रचना हातात धरून नेता येईल अशा भरवशाच्या मीटरमध्ये उतरवली ती एडवर्ड वेस्टन यांनी. १८८८ मध्ये अमेरिकेत त्यांची मापनयंत्रांची कंपनी उभी राहिली. तेही तरुणपणी वैद्यकाकडे वळवले गेले होते, पण तिथे रमले नाहीत. नाडी पाहणाऱ्यांनीच तारेची नाडी पाहायचे साधन घडवले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

तीन मापे एका पेटीत आणण्याचे काम १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये झाले. डोनाल्ड मॅकेडी हे ब्रिटिश पोस्ट खात्यातील इंजिनिअर. तारायंत्रे आणि टेलिफोन तपासायला जाताना तीन-तीन यंत्रे बरोबर वागवायचा त्यांना कंटाळा आला. त्यातून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरे घेतलेला ‘एव्हो’ जन्मला. या मालिकेतले आठवे मॉडेल १९५१ मध्ये आले आणि सुधारत सुधारत २००८ पर्यंत तयार होत राहिले. काळी बेकेलाइटची पेटी, चामड्याचा पट्टा, दोन मोठ्या फिरत्या चकत्या, आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर टपकन वर येणारे बटण. बटण वर आले की मंडल तुटते आणि काटा वाचतो. आपल्याकडच्या कितीतरी कार्यशाळांत मीटरला नुसते ‘एव्होमीटर’ म्हणत, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

आता डायलवरच्या पहिल्या महत्त्वाच्या अक्षरांकडे येऊ. एका कोपऱ्यात बारीक टाइपात लिहिलेले असते : अमुक इतके ओहम दर व्होल्टला. बहुतेक लोक हे वाचतच नाहीत. माझ्या मते मीटरचा सगळा इतिहास या एका ओळीत आहे.

मीटर मंडलाला जोडला की तो स्वतःही थोडा प्रवाह खातो, कारण त्याशिवाय काटा हलणार कसा? म्हणजे मोजणारा ज्याला मोजतो त्याच्यावरच भार टाकतो. उदाहरण घेऊ. एक लाख ओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडले आणि त्यांना २०० व्होल्ट दिले. मधल्या बिंदूवर खरा दाब १०० व्होल्ट. आता १९३० च्या दशकातला, दर व्होल्टला ५०० ओहमचा मीटर १०० व्होल्टच्या रेंजवर लावा. त्याचा स्वतःचा रोध पन्नास हजार ओहम. तो खालच्या रोधाशी समांतर बसतो आणि काटा दाखवतो ५० व्होल्ट, बरोबर निम्मे! मीटर बिघडलेला नाही. तो जे आहे तेच दाखवतो, पण ते त्याच्याच भाराने बदललेले असते. दर व्होल्टला वीस हजार ओहमचा एव्होचा आठवा मीटर तिथेच साडेसत्त्याण्णवच्या आसपास दाखवतो. आणि एक कोटी ओहमचा आजचा डिजिटल मीटर साडेनव्याण्णव.

मीटरची शंभर वर्षांची प्रगती ही अशी आहे. आकडे अधिक लखलखीत झाले हे वरवरचे. खरी प्रगती म्हणजे मोजणाऱ्याने ज्याला मोजायचे त्याच्याकडून कमी कमी घ्यायला शिकणे. जैन घरात वाढलेल्या माणसाला यात अहिंसेची आठवण झाली तर ती क्षम्य मानावी. रोग्याला प्रश्न विचारतानाही हेच तत्त्व लागते. फार रेटून विचारले की रोगी आपल्या मनातले उत्तर देतो, त्याचे स्वतःचे देत नाही.

जुने जाणते मिस्त्री हे गणित न मांडताही पाळत. जुन्या रेडिओंच्या नकाशांवर व्होल्टचे आकडे आणि ते कोणत्या प्रकारच्या मीटरने घेतले हेही छापलेले असे. मिस्त्री आधी ती टीप पाहत आणि मगच हातातल्या मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवत. मोजणाऱ्याचा भार जमेस धरूनच निकाल द्यायचा, ही शिस्त साक्ष तपासणाऱ्या इतिहासकाराचीही आहे.

डायलवरची दुसरी वाचण्याजोगी गोष्ट म्हणजे नाव. आपल्या भागात सापडणाऱ्या जुन्या मीटरांवर एक नाव पुन्हा पुन्हा दिसते : मोटवाने. त्यांचा ‘आठ-एक्स’ हा मल्टिमीटर इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत शिकलेल्या अनेकांना आठवत असेल. त्या नावातला आठ एव्होच्या आठची आठवण करून देतोच. पण नावापाठीमागची कथा सुरतकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये विजेच्या सामानाचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो मुंबईला आला आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने गाजला. काँग्रेसची अधिवेशने आणि गांधीजींच्या सभा यांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर हे नाव ठळक दिसते. तो ध्वनिक्षेपक शिकागोचा नसून आपल्या माणसांचा होता. लाखोंच्या सभेत नेत्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवण्याचे काम ज्ञानचंदांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी आपले कर्तव्य मानले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘भारत छोडो’ची हाक उठली आणि नेते तुरुंगात गेले. तेव्हा मुंबईत एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. त्यामागची बावीस वर्षांची मुलगी म्हणजे उषा मेहता, जन्म सुरतेजवळच्या सरस गावचा, २५ मार्च १९२०. पोलिसांना चकवत केंद्राची जागा सतत बदलत राहिली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी पुण्याच्या येरवड्यात भोगली. यंत्रसामग्रीच्या साह्यावरून नानिक मोटवाने यांच्यावरही खटला चालला. ते निर्दोष सुटले.

एवढे कळल्यावर डायलवरचे ते नाव निव्वळ व्यापारी छाप राहत नाही. सरसची मुलगी आणि मोटवान्यांचे घर एकाच खटल्यात उभे होते. स्वातंत्र्यानंतर त्याच घराण्याच्या कारखान्यात, नाशिक रोडला, मल्टिमीटर बनू लागले. ज्यांनी देशाला मोठ्याने बोलायचे साधन दिले, त्यांनीच नेमके मोजायचेही साधन दिले.

नाशिकच का, आणि देशीच का, याचे उत्तरही त्या काळात आहे. १९५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर आयातीचे परवाने आवळले गेले. परदेशी मीटर साध्या कारागिराच्या हाती येणे कठीण झाले. शाळा-कॉलेजे आणि कारखाने तर वाढतच होते. १९६१ मध्ये आपल्या सुरतेतच सरदार वल्लभभाईंच्या नावाचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. अशा वेळी देशी मापनयंत्रे ही चैन राहिली नाही, गरज झाली. १९६२ मध्ये ठाण्यात प्रभाकर देवधर यांनी ‘अ‍ॅपलॅब’ काढली. टेबलावर ठेवायचे वीजपुरवठे, ऑसिलोस्कोप अशी सामग्री तिथून निघू लागली. पुढे देवधर भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. नाशिकमध्ये १९८२ साली ‘ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स’ची स्थापना झाली, आणि या कंपनीने २०११ मध्ये पोलंडमधली मापनयंत्रांची ‘लुमेल’ ही जुनी कंपनी विकत घेतली. एके काळी जे शहर बाहेरचा नमुना समोर ठेवून मीटर करत होते, तिथल्या कंपनीने युरोपातला कारखाना चालवायला घेतला. मुंबई-ठाणे-नाशिक या पट्ट्याचा हा औद्योगिक इतिहास मराठीत फारसा सलग लिहिला गेलेला नाही, आणि त्याची साधने मात्र भंगारात वजनावर जात आहेत.

डायलवर आणखीही वाचण्यासारखे आहे. आकड्यांच्या कमानीखाली आरशाची एक पट्टी असते. काटा आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब एकमेकांवर आले की डोळा नेमक्या जागी आहे असे समजावे. मगच आकडा वाचावा. पाहणाऱ्याची जागा चुकली की आकडाही चुकतो, हे यंत्रानेच सांगून ठेवले आहे. ओहमची कमान उलटी असते. शून्य उजवीकडे आणि अनंत डावीकडे, कारण रोध जितका कमी तितका प्रवाह जास्त. या कमानीच्या बरोबर मध्यावर जो आकडा असतो, तो त्या रेंजवर मीटरच्या स्वतःच्या अंगच्या रोधाचा असतो. दुसऱ्याला मोजण्याचे त्याचे परिमाण तो स्वतःच.

काटा आणि आकडा यांतही फरक आहे. १९७७ मध्ये फ्लूक कंपनीचा हातात मावणारा डिजिटल मीटर आला आणि हळूहळू काटा मागे पडला. डिजिटल मीटर अधिक अचूक, अधिक सुरक्षित आणि आता स्वस्तही आहे. रोजच्या कामाला तोच वापरावा. पण कपॅसिटर तपासताना काटा उसळी मारून सावकाश परत येतो, आणि त्या उसळीवरून अनुभवी माणूस त्याची प्रकृती ओळखतो. हलणारी, चढउतार होणारी गोष्ट काटा एका नजरेत दाखवतो. डिजिटल पडद्यावर तेव्हा नुसते आकडे धावतात.

कोणाच्या घरी असा मीटर असेल तर काही सूचना. आत सेल राहिले असतील तर आधी काढावेत, त्यांचे पाणी पत्रे खाते. काच उघडून काट्याला बोट लावू नये. चुंबकाजवळ लोखंडाचा कीस येऊ देऊ नये. ओहमवर असताना बऱ्याच काट्याच्या मीटरांत लाल वायर ऋण असते, हे डायोड तपासताना ध्यानात घ्यावे. आणि लूमच्या थ्री-फेज पॅनलवर हा मीटर कधीही लावू नये. आजचे सुरक्षेचे निकष त्या काळी नव्हते, जुन्या वायरींचे रबरही तडकलेले असते. म्हाताऱ्या माणसाकडून अनुभव घ्यावा, गोणी उचलून घेऊ नये.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरची कितीतरी दुकाने बुडाली. नंतर उघडलेला असा एक मीटर मी पाहिला होता. कागदी डायल फुगली होती, कॉइल गंजली होती, आणि नाव पुसले गेले होते. पुराला इलाज नव्हता, भंगाराला आहे. म्हणून मंडळाला एक विनंती करतो. संग्रहालय उभारायला पैसा लागेल, जागा लागेल, पण वहीला काही लागत नाही. सभासदांनी आपल्या ओळखीच्या कारागिरांकडे जावे आणि प्रत्येक जुन्या मीटरची नोंद करावी : नाव, गाव, मॉडेल, क्रमांक, दर व्होल्टला किती ओहम, कोणी घेतला, कुठे, त्याच्यावर काय काय दुरुस्त झाले. डायल यातले निम्मेच सांगते. उरलेले निम्मे सत्तरी-ऐंशीतल्या मिस्त्रींच्या तोंडी आहे, आणि त्यांना विचारायला आपण पुढच्या वर्षाच्या व्याख्यानाची वाट पाहू नये.