सुई मागे, कांडी जागेवर

इंजेक्शन देताना आपण दट्ट्या पुढे ढकलतो. त्वचेखाली औषधाची कांडी ठेवायची असेल तर? या साध्या प्रश्नाचा इतिहास पाहू या.

१९८३ साली फिनलंडने 'नॉरप्लांट' या गर्भनिरोधकाला मान्यता दिली. त्यातील सिलिकॉनच्या सहा नळ्या दंडाला छेद देऊन पोलादी ट्रोकारने बसवीत. ट्रोकार पुन्हा वापरायचा, म्हणून दर वेळी निर्जंतुक करणे भाग होते.

१९९८ साली 'इम्प्लॅनॉन' आले. ४ सेंटिमीटरची एकच कांडी, एकदाच वापरायच्या सुईत आधीच भरलेली. मात्र कृती इंजेक्शनच्या नेमकी उलट: दट्ट्या एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने सुई मागे घ्यायची. कधी कांडी आधीच गळून पडे, कधी सुईतच राही. कोणाच्या ते लक्षात येत नसे, आणि त्या स्त्रीला दिवस जात.

पुढच्या 'नेक्स्प्लॅनॉन'मध्ये रचनाच बदलली. एका हाताने खटका मागे ओढला की सुई मुठीत शिरून तिथेच अडकते. कांडी जागेवर राहते. कांडीत बेरियम सल्फेट असल्याने ती क्ष-किरणांत दिसते. तरीही बसवल्यावर बोटांनी चाचपून खात्री करावीच लागते.

चूक झाली की आपण हाताला दोष देतो. त्या हातातले उपकरणही तपासायला हवे.